अनेक महिने उभ्या राहिलेल्या गाडीत वीजच नाही: बिघाड शोधायची क्रमवार रीत

चार-सहा महिने कव्हरखाली उभी असलेली गाडी. रिमोट दाबला तर लॉक उघडत नाही, किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही, हॉर्नही वाजत नाही. अशा वेळी बहुतेकजण फोन करून थेट नवी बॅटरी मागवतात. कधी कधी तेवढ्यावर काम भागतंही. पण नवी बॅटरी बसवूनही गाडी मुकीच राहिली, किंवा महिन्याभरात तीही उतरली, तर पैसे गेले आणि बिघाड जागच्या जागी. म्हणून आधी वीज बॅटरीपासून निघून कुठपर्यंत पोचते ते मोजायचं आणि मगच खरेदीचं बघायचं. साधा मल्टिमीटर आणि अर्धा दिवस हाताशी असेल तर हे काम घरच्या घरी होतं.

इथे नमुन्यादाखल मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक धरली आहे: वॅगन आर, स्विफ्ट, आय-टेन अशा जातीची, साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असलेली. मोठ्या गाडीत आकडे वाढतात, रीत तीच राहते. ऑटोमॅटिक, पुश-बटण आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं वेगळेपण पुढे दिलं आहे.

एका प्रश्नाचं उत्तर आधी मिळवा

तुमच्याआधी कुणी ही गाडी सुरू करून पाहिली का? वॉचमन, ड्रायव्हर, शेजारी, भाचा, जो कुणी असेल त्याला विचारा. जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज आणणारी जाड वायर) लावून पाहिली असेल आणि लाल-काळी उलटी लागली असेल, तर मुख्य फ्यूज उडालेला असण्याची शक्यता दाट आहे. "एक ठिणगी उडाली आणि मग सगळंच बंद पडलं" असं उत्तर आलं, तर बॅटरीपेक्षा फ्यूज बॉक्सकडे आधी बघायचं हे पक्कं झालं.

दुसरी चौकशी पाण्याची. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरून सीटखालपर्यंत आलं असेल, तर या गाडीला वीज अजिबात देऊ नका. ओल्या कनेक्टरमध्ये वीज गेली की पिना गंजून जातात, कंट्रोल युनिट (गाडीची यंत्रणा चालवणारा छोटा संगणक) जळू शकतं. तिथे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची आणि गाडी टो करून गॅरेजला न्यायची.

हाताशी काय हवं

मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांचाही चालतो, फक्त त्याला १० अँपिअरचं वेगळं सॉकेट हवं. १० नंबरचा पाना (बहुतेक टर्मिनलचे नट याच मापाचे असतात), १२ नंबरचा पाना, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, गरम पाणी, व्हॅसलीन, रबरी हातमोजे आणि चष्मा. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो. तेव्हा तिच्याजवळ सिगारेट नको, अंगठी आणि हातातलं धातूचं कडं काढून ठेवा.

याशिवाय एक टेस्ट लॅम्प करून घ्या. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब, त्याला होल्डर, दोन हातभर वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका तंतूवर टिकलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. नळ सोडला नाही तोवर चोंदलेल्या पाइपचाही दाब ठीकच वाटतो, तसा हा प्रकार. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर ओढतो. जोड कच्चा असेल तर तो मिणमिणतो किंवा लागतच नाही. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत "मीटरवर तर १२ येतायत" इथेच होते.

बॉनेटपर्यंत पोचणं

रिमोट चालत नसेल तर किल्लीने दार उघडा. स्मार्ट की असेल तर तिच्या पोटात एक छोटी धातूची किल्ली असते आणि कुलूप काही गाड्यांत हँडलवरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली दडलेलं असतं. वर्षभर न फिरलेलं कुलूप अडतं. जोर लावून किल्ली मोडण्यापेक्षा गंज सोडवणारा स्प्रे मारून पाच मिनिटं थांबा. बॉनेटचा खटका केबलवर चालतो, त्याला वीज लागत नाही. तो ओढूनही बॉनेट उचकत नसेल, तर एकाने खटका ओढून धरायचा आणि दुसऱ्याने बॉनेटच्या पुढच्या कडेवर तळहाताने दाबायचं.

बॉनेट उघडल्यावर लगेच हात घालू नका. आधी उंदरांच्या खुणा बघा: लेंड्या, कुरतडलेला फोम, बॅटरीमागे जमवलेला कचरा, कापलेल्या वायरी. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हा आजार नवा नाही, म्हणून साफसफाई हातमोजे घालूनच करा. एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहा, घरटं बहुधा तिथे असतं. कापलेली वायर दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा. उंदीर सहसा एकावर थांबत नाहीत.

पहिलं मोजमाप: बॅटरीचे खांब

मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाच्या शिशावर, काळं निगेटिव्ह खांबाच्या शिशावर. टोक खांबावर टेकलं पाहिजे, भोवतीच्या क्लॅम्पवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या पकडीवर नाही. हा फरक आता बारीकसारीक वाटेल, पण पुढचं सगळं निदान यावर उभं आहे.

१२.६ किंवा वर: बॅटरी भरलेली. बिघाड बहुधा पुढे वायरीत आहे.
१२.४: साधारण पाऊण भरलेली.
१२.२: अर्धी.
१२.० च्या आसपास: पाव. डॅशबोर्ड उजळेल, सेल मारताना (स्टार्टर फिरवताना) मात्र नुसती टिक-टिक.
११.८ च्या खाली: उतरली.
१०.५ च्या जवळ: एकतर पूर्ण रिकामी, नाहीतर बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांपैकी एक (सेल) शॉर्ट. प्रत्येक सेलचे २.१ व्होल्ट असतात, हिशेब करून बघा.
२ ते ५ व्होल्ट: फार दिवस रिकामी पडलेली. आशा कमी, पण एक प्रयत्न करता येतो.

झाकणावर हिरवा-काळा डोळा असलेल्या बॅटरीत त्या डोळ्यावर भिस्त ठेवू नका. तो एकाच सेलचं सांगतो, बाकी पाचांचं नाही.

आकडा १२.४ च्या वर असेल तर टेस्ट लॅम्प थेट दोन खांबांना लावा. बल्ब लख्ख पेटला आणि व्होल्टेज १२ च्या वर टिकलं, तर बॅटरी तूर्त निर्दोष धरा. बल्ब लागताच आकडा कोसळला तर प्लेटांवर सल्फेट चढलंय किंवा आतला जोड तुटलाय. अशी बॅटरी बदलावीच लागते.

बॅटरी ठीक आहे, तरी गाडी मुकी

हा भाग सावकाश करा, कारण गॅरेजवाले सगळ्यात जास्त घाई इथेच करतात. हेडलाइटचा स्विच चालू ठेवा, म्हणजे वाटेत कुठे अडथळा असेल तर तो मीटरवर उघडा पडेल. काही गाड्यांत हेडलाइटसाठी किल्लीही ऑनवर लागते.

पहिला सांधा खांब आणि क्लॅम्प यांमधला. मीटरचं एक टोक पॉझिटिव्ह खांबाच्या शिशावर, दुसरं त्याच खांबाच्या क्लॅम्पवर. इथे ०.०५ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. तिथेच १२ च्या आसपास आकडा आला, तर बिघाड सापडला: क्लॅम्प आणि खांबामध्ये पांढऱ्या-हिरव्या क्षाराचा किंवा ऑक्साइडचा थर आहे. वरून क्लॅम्प स्वच्छ दिसतो, आत काळा पापुद्रा असतो. हीच तपासणी निगेटिव्ह खांबावरही करा.

साफ करताना आधी निगेटिव्ह क्लॅम्प सोडवायचा, मग पॉझिटिव्ह. उलट क्रमाने गेलात आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो, पाना तापून लाल होतो. एक कप गरम पाण्यात एक चमचा सोडा घालून क्षारावर ओता. फसफसणं थांबेपर्यंत दोनदा-तीनदा करा. पाणी बॅटरीच्या झाकणांच्या फटीत जाऊ देऊ नका. मग साध्या पाण्याने पुसून, वाळवून, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. बसवताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. क्लॅम्प हाताने पिळला तर फिरता कामा नये. व्हॅसलीन नट आवळून झाल्यावर वरून लावायचं. नट पूर्ण आवळला तरी क्लॅम्प सैल राहत असेल तर तो पसरला आहे, नवा घाला. पत्र्याची पट्टी मध्ये कोंबण्याचा उपाय महिनाभर टिकतो, मग पुन्हा तेच.

दुसरा सांधा अर्थचा. निगेटिव्ह खांबावरून एक जाड वायर बॉडीला आणि एक इंजिनला किंवा गिअरबॉक्सला जाते. मीटरचं काळं टोक निगेटिव्ह खांबावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, मग बॉडीच्या बोल्टवर. हेडलाइट चालू असताना ०.१ च्या आत हवं. दोन-चार व्होल्ट दिसले तर अर्थ तुटलाय किंवा बोल्टखाली गंज चढलाय. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे जंपर केबलची काळी वायर निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा जाड ब्रॅकेट यांना जोडा. डॅशबोर्ड एकदम उजळला तर दुसरं काही शोधायला नको. अर्थचा बोल्ट काढून खालचा रंग-गंज खरवडा आणि पुन्हा आवळा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ही वायर रबराखाली आतल्या आत हिरवी पडते. अशी वायर वाकवली की कुरकुरते. ती बदलायचीच.

तिसरी जागा मुख्य फ्यूज. तो बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये किंवा थेट पॉझिटिव्ह क्लॅम्पवर बसवलेला असतो, ६० ते १२० अँपिअरचा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. टेस्ट लॅम्पची एक क्लिप निगेटिव्ह खांबाला, दुसरी फ्यूजच्या बॅटरीकडच्या टोकाला: पेटला पाहिजे. मग फ्यूजच्या दुसऱ्या टोकाला. अलीकडे पेटला आणि पलीकडे नाही, तर फ्यूज गेला. हा फ्यूज कित्येक गाड्यांत बोल्टने घट्ट असतो. पकडीने उपटायला जाऊ नका, बॉक्सचं प्लास्टिक तुटतं. निगेटिव्ह वायर काढा, बोल्ट सोडवा, त्याच अँपिअरचा नवा बसवा. तिथे तांब्याची तार बांधणं म्हणजे गाडी जाळायची तयारी. उलट्या जंपरमुळे फ्यूज गेला असेल तर अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे) डायोडही गेलेले असू शकतात. ते इंजिन सुरू झाल्यावर मोजून कळेल.

मुख्य फ्यूजच्या पलीकडे वीज आहे, आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंतही येते, पण किल्ली फिरवूनही काही होत नाही, तर इग्निशनचा फ्यूज आणि किल्लीमागचा स्विच उरतो. आतला छोटा फ्यूज न काढताच तपासता येतो. त्याच्या पाठीवर धातूचे दोन ठिपके असतात, किल्ली ऑनवर असताना टेस्ट लॅम्प दोन्हींवर पेटायला हवा. स्विचपाशी संशय पोचला की ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावणं शहाणपणाचं, कारण स्टीअरिंगभोवती एअरबॅगच्या वायरी असतात.

बॅटरीच उतरली आहे

जंपरपेक्षा चार्जर बरा. पूर्ण रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेणं त्याच्यावर जुलूम आहे. तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो, तापतो, आणि तरीही बॅटरी काठोकाठ भरत नाही.

बॅटरी काढून घरात आणली तर काम सोपं. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी नऊ-दहा किलोंची असते. आडवी धरू नका. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ३५ ला साडेतीन अँपिअर. रिकाम्या बॅटरीला बारा ते चौदा तास लागतात. आधी क्लिपा लावा, नंतर मेनचा स्विच, आणि काढताना आधी स्विच बंद. जोडलेल्या चार्जरची क्लिप ओढली की ठिणगी उडते आणि तिथेच हायड्रोजन जमलेला असतो. खोलीची खिडकी उघडी हवी. जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मरवाले चार्जर १६ व्होल्टपर्यंत जातात, तसला वापरत असाल तर बॅटरी गाडीत जोडलेली ठेवू नका.

पाण्याची बॅटरी असेल तर झाकणं उघडून पाहा. पाणी प्लेटांच्या खाली असेल तर आत्ता फक्त प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला आणि खुणेपर्यंत भरणं चार्जिंगनंतर करा. चार्ज होताना पातळी वर चढते, आधीच भरलं तर आम्ल उतू जातं. नळाचं किंवा आरओचं पाणी नको.

बॅटरी फारच खाली गेलेली असेल तर स्मार्ट चार्जर तिला ओळखतच नाही आणि एरर दाखवतो. अशा वेळी एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी तिच्याशी समांतर जोडा, पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला आणि निगेटिव्ह निगेटिव्हला, आणि मग चार्जर सुरू करा. वीस-तीस मिनिटांनी मदतीची बॅटरी काढून घ्या. या काळात तिथून हलू नका. उतरलेली बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली, फुगली, किंवा सडक्या अंड्याचा वास आला, तर प्रयत्न तिथेच थांबवा.

चार्जिंग झाल्यावर लगेच मोजलेला आकडा खोटा असतो, वरवरचा चार्ज असतो तो. बॅटरी रात्रभर सुटी ठेवा आणि सकाळी मोजा. १२.५ किंवा वर असेल तर बसवायला हरकत नाही. १२.२ वर घसरली तर तिची क्षमता गेली आहे, चार दिवस चालेल आणि नेमकी घाटात दगा देईल. १०.५ वर आली तर सेल गेला. वॉरंटी कार्ड शोधून तारीख बघा.

नवी घेताना जुनीचा कोड टिपून घ्या, उदाहरणार्थ ३८ बी २० एल. शेवटचं अक्षर एल की आर यावर खांबांची बाजू ठरते. चुकीची आणली तर वायर पोचत नाही, ताणून पोचवली तर झाकणाच्या पत्र्याला टेकते. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम जातीची, म्हणजे वारंवार सेल मारणं झेपणारी बॅटरी असते. तिथे साधी घातली तर लवकर बसते.

जंपर लावायचाच असेल तर

केबल तांब्याची आणि जाड हवी, १६ चौरस मिलिमीटर तरी. बाजारात जाड रबर आणि आत नाममात्र तार असा माल भरपूर मिळतो. वायर तापायला लागली की समजा तसली आहे. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका.

क्रम असा: लाल क्लिप उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या जाड धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते म्हणून ती बॅटरीजवळ नको. मदतीची गाडी सुरू ठेवून दहा मिनिटं थांबा, मगच सेल मारा. काढताना नेमका उलटा क्रम.

धक्का मारून सुरू करण्याचा बेत सोडून द्या. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर फ्यूएल पंप चालत नाही, इंजिनचं कंट्रोल युनिट जागं होत नाही आणि अल्टरनेटरलाही सुरुवातीला वीज लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या पद्मिनी गाडीला जे जमायचं ते या गाड्यांना जमत नाही.

वीज आली, सेल मारण्यापूर्वी

ऑइल आणि कूलंटची पातळी बघा. किल्ली ऑनवर दोन-तीन सेकंद ठेवून बंद करा, असं तीनदा. मागच्या सीटखालून पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. मग सेल, एका वेळी पाच-सात सेकंद, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. सेल मारताना बॅटरीचं व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर. ११ च्या वर राहिलं आणि इंजिन तरीही हललं नाही, तर स्टार्टरची वायर, सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) किंवा क्लच पेडलचा स्विच. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली वापरून पाहा.

इंजिन सुरू झाल्यावर खांबांवर पुन्हा मोजा. १३.८ ते १४.७ हवं. १२.५ च्या खाली राहिलं आणि हळूहळू उतरत गेलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. नव्या स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत आकडा वरखाली होतो, तिथे हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा बघा. "टर्मिनल काढून बघू, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला" ही जुनी तपासणी कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेजची उसळी येते आणि कंट्रोल युनिट जातं, आणि ते बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतं.

काच वर जाण्याचा ऑटो मोड, घड्याळ, स्टीरिओचा कोड हे पुन्हा लावावं लागेल. ऑटो मोडसाठी काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवा, बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने जमतं. रस्त्यावर काढण्यापूर्वी टायरमधली हवा भरा, ब्रेक दाबून पाहा आणि विमा-पीयूसीची तारीख तपासा, उभ्या गाडीचा विमा संपलाय हे हमखास विसरलेलं असतं.

बॅटरी कशामुळे उतरली, हे आता शोधा

बंद गाडीतही अलार्म, घड्याळ, कंट्रोल युनिटची मेमरी थोडी वीज खातात. २० ते ५० मिलिअँपिअर इतकं चालतं. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ ची बॅटरी २४ दिवसांत अर्धी आणि सात आठवड्यांत रिकामी. त्यात उन्हाळ्यात बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरते. तेव्हा चार महिन्यांनी गाडी मेलेली सापडली तर त्यात बिघाड असेलच असं नाही, हा साधा हिशेब आहे. पण १५ दिवसांत उतरत असेल तर कुणीतरी चोरून वीज पितंय.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला. निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि मीटर खांब आणि क्लॅम्पच्या मध्ये जोडा. त्याआधी किल्ली काढून लांब ठेवा, दाराचा खटका स्क्रूड्रायव्हरने बंद करा किंवा दाराच्या चौकटीतलं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. सुरुवातीला करंट जास्त दिसतो, युनिटं झोपायला अर्धा तास द्या. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. मोजून झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत. ती तिथेच विसरून पुढच्या वेळी खांबांवर टोकं टेकवली की थेट शॉर्ट होतो.

करंट जास्त निघाला तर फ्यूज एकेक उपटत बसण्याऐवजी, बॅटरी जोडलेली ठेवून मीटर मिलिव्होल्टवर लावा आणि प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन ठिपक्यांमध्ये मोजा. शून्य म्हणजे त्यातून काही जात नाही. आकडा आला तो मार्ग संशयित. फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि सगळं माप बिघडतं, म्हणून ही रीत चांगली. संशयितांत पहिले बाहेरून बसवलेले: जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, बाहेरचा स्टीरिओ, बाजारातलं सेंट्रल लॉक. ५० मिलिअँपिअरचा ट्रॅकर वर चढला की तीच बॅटरी सात आठवड्यांऐवजी अठरा दिवसांत रिकामी. डिकीचा ५ वॅटचा दिवा चिकटून चालू राहिला तर साडेतीन दिवस पुरे होतात. तो तपासायला मोबाइलचा व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा आणि झाकण लावा.

ऑटोमॅटिक, पुश-बटण, इलेक्ट्रिक

ऑटोमॅटिक गाडी वीज नसताना पी (पार्किंग) मधून निघत नाही. गिअरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, त्याखालचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबून गिअर एन (न्यूट्रल) मध्ये घेता येतो. आधी हँडब्रेक ओढा. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक मात्र विजेशिवाय सुटत नाही, तिथे जंपर आधी, ढकलणं नंतर. पुश-बटण गाडी "की सापडत नाही" म्हणत असेल तर किल्लीचा सेल बदला (बहुधा सीआर २०३२), नाहीतर किल्ली बटणाला टेकवून बटण दाबा. ज्या गाड्यांची बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते, त्यांच्या बॉनेटखाली जंपरसाठी वेगळे खांब दिलेले असतात.

इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती मेली की मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी उघडत नाही, चार्जरही घेत नाही. मुख्य बॅटरीचे रिले याच १२ व्होल्टवर चालतात. तिला चार्जर किंवा जंपर देता येतो. नारिंगी रंगाच्या वायरींना मात्र हात लावायचा नाही.

पुन्हा उभी करून जाताना

दोन-तीन आठवड्यांवरच्या मुक्कामासाठी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्ह क्लॅम्प काढून त्यावर कापड गुंडाळा. रिमोट चालणार नाही, म्हणून धातूची किल्ली कुलपात फिरते ना हे जाण्यापूर्वी पाहा. डिकी विजेवर उघडत असेल तर त्यात काही ठेवू नका. परदेशी जाताना घरच्यांना "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू कर" असं सांगून जाण्याची पद्धत आहे. त्याने बॅटरी फारशी भरत नाही आणि इंजिन गरम न झाल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चालवायची तर पंधरवड्याला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवायची. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट असेल तर मेंटेनर चार्जर (बॅटरी सतत भरलेली ठेवणारा) लावून ठेवता येतो, सोसायटीची परवानगी लेखी घ्या. क्लॅम्प काढला आहे अशी चिठ्ठी स्टीअरिंगला बांधा, नाहीतर मागे राहिलेलं कुणीतरी नवी बॅटरी मागवून बसतं.